फोनमधला पुरावा कोर्टात टिकवायचा कसा? मोंढ्यातल्या एका दाव्यातून शिकलेल्या पायऱ्या

ऑक्टोबर २०२१ मध्ये माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मोंढ्यातल्या (धान्याच्या बाजारातल्या) एका आडत्याकडं, म्हणजे दलालाकडं, ६२ क्विंटल सोयाबीन टाकलं. भाव आल्यावर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, करायची, असं तोंडी ठरलं. लातूर जिल्ह्यात आमच्याकडं वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. त्याच संध्याकाळी आडत्यानं अण्णांच्या व्हॉट्सॲपवर अकरा सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली: "बासष्ट क्विंटल जमा हाय तुमचं. भाव आला की पट्टी करू, काळजी करू नका." पुढं पट्टी मागायला गेलो तर उत्तर मिळालं, माल चाळीसच क्विंटल होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही तालुक्याच्या कोर्टात दावा दाखल केला.

ती अकरा सेकंदं न्यायाधीशांसमोर रीतसर वाजायला तीन वर्षं लागली. कोर्टाच्या तारखा लांबतात हे खरंच, पण त्यातले कितीतरी महिने आमच्याच चुका निस्तरण्यात गेले. मी वकील नाही, तुमच्या प्रकरणात तुमचे वकील सांगतील तेच धरून चाला. पण वकिलाकडं पोचायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत घरी जे बिघडतं, ते नंतर कुणालाच नीट करता येत नाही. ते बिघडू नये म्हणून हे लिहितोय.

१. पहिल्या दिवशी काहीच करू नका

भांडण कोर्टापर्यंत जाईल असं वाटलं की सगळ्यात आधी फोनवरचा हात काढा. चॅट डिलीट करायची नाही, नंबर ब्लॉक करायच्या भरात सगळा संवाद पुसायचा नाही, फोन रिसेट करायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही.

अण्णांच्या फोनची काच फुटली होती. जानेवारीत मी तो देऊन नवा घ्यायला दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. तेवढ्यात वकील मॅडमचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला, बोलता बोलता विषय निघाला आणि त्यांनी मला तिथूनच परत फिरवलं. तो फोन गेला असता तर दावाच गेला असता.

ताबडतोब करायच्या गोष्टी तेवढ्या चार. त्या चॅटमध्ये आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची सेटिंग चालू आहे का बघा आणि असेल तर बंद करा. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावलेली असते आणि समोरच्यानंही लावलेली असू शकते. दुसरं, फोनची मेमरी भरत आली असेल तर घरातल्या पोरांना सांगून ठेवा की 'क्लीनर' ॲप चालवायचं नाही. तिसरं, शक्य असेल तर नवा फोन घेऊन रोजचा वापर तिकडं न्या आणि जुना बाजूला ठेवा. मात्र व्हॉट्सॲप नव्या फोनवर हलवायच्या आधी पायरी ४ वाचा. चौथं, वहीत आजची तारीख टाकून लिहा: कोणता फोन, कुणाकडं, कुठं ठेवला. ही वही पुढं फार उपयोगी पडते.

२. मूळ वस्तू कोणती, ते ओळखा

आमची पहिली मोठी चूक इथं झाली. व्हॉइस नोट आली अण्णांच्या फोनवर. अण्णांनी ती मला फॉरवर्ड केली. मी माझ्या फोनवरून ती संगणकावर घेतली, सीडी केली आणि अशा पुराव्यासोबत कोर्टात जे प्रमाणपत्र लागतं (पायरी ६) त्यावर मीच सही केली. प्रतिवादीच्या वकिलांनी उभं राहून एवढंच विचारलं, "हा मेसेज तुम्हाला आला होता का?" नव्हता. माझ्या फोनमध्ये जे होतं ते फॉरवर्ड केलेलं. कुणी पाठवलं, कधी पाठवलं, हे माझ्या फोनवरून सिद्धच होत नव्हतं. सगळं पुन्हा करावं लागलं.

म्हणून प्रत्येक गोष्टीसाठी स्वतःला विचारा, ही पहिल्यांदा कुठं जन्माला आली किंवा कुठं उतरली? मेसेज असेल तर ज्याला आला त्याचा फोन. फोटो असेल तर ज्या फोननं काढला तो फोन. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि तो कधी, कुठं, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला ही आतली माहिती त्यात उरत नाही. सीसीटीव्ही असेल तर डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारं यंत्र), त्या पडद्याचं मोबाइलवर केलेलं शूटिंग नव्हे. काट्याची पावती असेल तर वजनकाट्याचा संगणक.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. सिम कुणाच्या नावावर आहे ते तपासा. आपल्याकडं वडिलांच्या फोनमधलं सिम पोराच्या नावावर, बायकोचं भावाच्या नावावर, असं सर्रास असतं. अण्णांचं सिम माझ्या नावावर होतं. त्यात गैर काही नाही, पण ते उलटतपासात समोरच्यानं बाहेर काढण्यापेक्षा आपणच प्रतिज्ञापत्रात आधी लिहिलेलं बरं: सिम मुलाच्या नावावर आहे, फोन व नंबर अमुक सालापासून मी स्वतः वापरतो.

३. दुसऱ्याकडचा पुरावा पुसला जाण्याआधी लेखी मागा

सीसीटीव्हीचा डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं चढत जातं. छोट्या दुकानात किंवा काट्यावर पंधरा दिवस ते महिनाभरच चित्रीकरण टिकतं, असं धरून चाला. आम्ही वजनकाट्यावरचं फुटेज मागायला गेलो तेव्हा तीन महिने उलटले होते. ट्रॅक्टरच्या दोन खेपा, आडत्याचा मुनीम पावती हातात घेताना, हे सगळं त्यात होतं आणि आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं. त्याची हळहळ मला आजही आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या. अर्जात तारीख, वेळ (साडेतीन ते पाच अशी), कॅमेरा कुठला, आणि 'हे चित्रीकरण न्यायालयीन कामासाठी लागणार असल्यानं जतन करून ठेवावं' हे वाक्य असू द्या. हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. बाजार समिती, नगरपालिका, तहसील अशा सरकारी जागेतला कॅमेरा असेल तर माहिती अधिकारातही अर्ज करा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. त्याच्या उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि डीव्हीआर तेवढा थांबत नाही. जतन करण्याचा अर्ज वेगळा, तो त्याच दिवशी.

समोरच्या पक्षाला वकिलामार्फत नोटीस द्या, त्यातही जतन करायला सांगा. नोटीस मिळूनही त्यानं पुरावा दाखवला नाही तर तो त्याच्या विरोधात जाणारा होता, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ११९ मध्ये तसं उदाहरणच दिलेलं आहे. कोर्टात हजर करावा लागेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख (नोंद, फाइल) तो हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोबाइल कंपनीकडचा कॉलचा तपशील, म्हणजे सीडीआर, कंपन्यांनी किमान २ वर्षं ठेवायचा असतो. दुसऱ्याचा सीडीआर आपल्याला खाजगीत मिळत नाही आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागायचं नाही, तो गुन्हा आहे. कोर्टामार्फत मागवावा लागतो. दावा रेंगाळत ती दोन वर्षं निघून जातात, म्हणून वकिलांना हा अर्ज लवकर द्यायला सांगा.

४. प्रत काढा, पण मूळ न हलवता

व्हॉइस नोट किंवा फोटो: फोन केबलनं संगणकाला जोडा आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधून मूळ फाइल थेट कॉपी करा. फॉरवर्ड करू नका, ब्लूटूथनं इकडंतिकडं फिरवू नका. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉइस नोटच्या फाइलच्या नावातच तारखेचे आठ आकडे असतात, ते नाव तसंच राहू द्या. 'आवाज मोठा करून देतो' म्हणून कुणी ती फाइल एखाद्या ॲपमधून काढून दिली, की ती दुसरीच फाइल झाली.

चॅट: व्हॉट्सॲपमध्ये चॅट उघडून 'एक्स्पोर्ट चॅट' करा. मजकुराची एक फाइल आणि हवे असतील तर फोटो-आवाज मिळतात. बराच जुना संवाद असेल तर लक्षात ठेवा, मीडियासह घेतलं तर अलीकडचे साधारण १०,००० मेसेजच येतात, मीडियाशिवाय ४०,०००. मात्र ही मजकुराची फाइल कुणालाही टाइप करून बनवता येते, हा आक्षेप येणारच. म्हणून ती एकटी कधीच देऊ नका.

स्क्रीनशॉट: यांचं मोल वाढवायचं असेल तर तीन पथ्यं पाळा. समोरच्याचं नाव 'शेठ मोंढा' असं सेव्ह असेल तर त्याच्या माहितीच्या पानाचा, नंबर दिसेल असा, वेगळा स्क्रीनशॉट घ्या. 'आज', 'काल' असं दिसत असेल तर थांबा, पूर्ण तारीख दिसायला लागली की घ्या. आणि प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये आधीच्याचे शेवटचे दोन मेसेज येऊ द्या, म्हणजे मधलं काही गाळलं असं म्हणायला जागा राहत नाही. रंगानं गोल करायचे, बाण काढायचे, ते झेरॉक्सवर काढा. मूळ स्क्रीनशॉटवर नको.

ईमेल: फॉरवर्ड न करता मूळ मेल जशीच्या तशी डाउनलोड करा, तिच्यातला लांबलचक तांत्रिक मथळा त्यामुळं शाबूत राहतो.

यूपीआय आणि बँक: फोनमधल्या हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही. शाखेत जाऊन त्या कालावधीचा खातेउतारा घ्या आणि त्यावर बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ च्या कलम २अ खालचं प्रमाणपत्र मागा. काउंटरवरच्या नव्या मुलाला ते माहीत नसतं. शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, मिळतं.

काढलेली प्रत दोन ठिकाणी ठेवा. एक पेन ड्राइव्हवर, एक घरच्या संगणकावर. कोर्टात द्यायला एकदाच लिहिता येणारी सीडी किंवा डीव्हीडी, कोर्टासाठी एक आणि प्रत्येक प्रतिवादीसाठी एक. काही ठिकाणी पेन ड्राइव्ह चालतो, लिपिकाला आधी विचारून घ्या.

५. हॅश काढून घ्या

हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा ठसा पूर्ण वेगळा येतो. आज काढलेला आणि तीन वर्षांनी काढलेला ठसा एकच आला, तर मधल्या काळात फाइलला कुणी हात लावलेला नाही.

यासाठी विकतचं काही लागत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा (टाइप करताना इंग्रजी अक्षरांत), तिच्यापुढं फाइलचा पत्ता, की एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरांचा हॅश समोर येतो. तो हातानं उतरवू नका, प्रिंट काढा. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ हेही पर्याय आहेत, पण त्या दोन्ही पद्धतींत वेगळ्या फाइलींचा एकच ठसा आणता येतो हे कधीच सिद्ध झालंय. एसएचए-२५६ च वापरा.

फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, पण एखाद्या ॲपमध्ये उघडून सेव्ह केली की बदलतो. आणि हॅश एकेका फाइलचा काढा. अख्ख्या चालू फोनचा हॅश घरी काढायच्या भानगडीत पडू नका. फोन नुसता चालू केला तरी त्याच्या आत शंभर गोष्टी बदलतात.

६. प्रमाणपत्र: आधी ठरवा जुना कायदा की नवा

गोंधळ सगळ्यात जास्त इथं होतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याआधी १८७२ चा पुरावा कायदा होता आणि त्यातलं कलम ६५ब. नव्या कायद्यात त्याच्या जागी कलम ६३ आलं. पण नव्या कायद्याच्या कलम १७० नुसार, त्या तारखेला जे दावे, खटले, तपास, अपिलं प्रलंबित होती ती जुन्याच कायद्यानं चालतात. आमचा दावा २०२२ चा. २०२४ च्या शेवटी प्रमाणपत्र पुन्हा करायची वेळ आली तेव्हा टायपिस्टकडं नवा नमुना तयार होता, तो भरून आम्ही दिला. आक्षेप आला, तारीख पडली, मग मॅडमनी ६५ब(४) चं प्रमाणपत्र करून घेतलं. दोन महिने गेले. तुमचं प्रकरण कोणत्या तारखेचं आहे हे टायपिस्टला नाही, वकिलाला विचारा.

नवा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. भाग अ साठी हे जवळ ठेवा:

– उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक
– आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक (डायल पॅडवर *#०६# दाबा. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक येतात, दोन्ही लिहा)
– उपकरण तुमच्या मालकीचं, देखभालीतलं, व्यवस्थापनातलं की तुम्ही चालवत असलेलं, यावर खूण
– त्या काळात ते नीट चालत होतं आणि रोजच्या कामात नियमित वापरात होतं, हे कथन. मध्ये बंद असेल तर ते लपवू नका
– हॅश, कोणत्या पद्धतीनं काढला ते, आणि हॅशचा अहवाल सोबत
– तारीख, वेळ, ठिकाण आणि सही

काच फुटली होती, आठ दिवस फोन बंद होता, असं असेल तर तसंच लिहा आणि त्यामुळं फाइलवर परिणाम झाला नाही हेही लिहा. 'नीट चालत होता' एवढंच लिहून मोकळं झालात, तर उलटतपासात फुटलेली काच बाहेर येते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय बसतो.

भाग ब मधला 'तज्ज्ञ' म्हणजे नेमकं कोण, याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराची सही घेऊन टाकू, असं करू नका. संगणक किंवा डिजिटल न्यायवैद्यक शिकलेला, कोर्टात येऊन उलटतपासाला उभा राहायची तयारी असलेला माणूस वकिलांच्या सल्ल्यानं निवडा. पैसे जातात, पण इथं वाचवलेले पैसे महाग पडतात.

कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात जेव्हा जेव्हा सादर होईल तेव्हा प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत लागतं. एकदा दिलंय म्हणून चालत नाही.

७. समोरचा प्रमाणपत्रच देत नाही? जालन्याचा निकाल वाचा

या विषयावर देशभरच्या कोर्टांत जो निकाल दाखवला जातो, तो आपल्या मराठवाड्यातला आहे. २०१४ च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. मुद्दा होता, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत टळल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण ६५ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्यांची साक्ष धरून २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला आणि अपील फेटाळलं.

त्यातून आपल्यासारख्यांनी उचलायच्या गोष्टी अशा. प्रत दाखल करत असाल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीनं ती उणीव भरून निघत नाही. ज्याच्या मालकीचा फोन किंवा लॅपटॉप आहे, त्यानं स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र नाकारत असेल, तर न्यायालयाकडं अर्ज करा, न्यायालय ते हजर करायला सांगू शकतं. आणि ज्यानं हातात होतं ते सगळं केलं, तरीही प्रमाणपत्र मिळालं नाही, त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. गोरंट्याल यांना ही सूट मिळाली, कारण त्यांनी केलेले अर्ज रेकॉर्डवर होते.

म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, फोनवर विनंती करत बसू नका. लेखी मागा, पोच घ्या, आठ दिवसांनी स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या. आमच्या वजनकाट्याच्या मालकानं 'मला तुमच्या भांडणात पडायचं नाही' म्हणून हात वर केले होते. आमच्याकडं तीन अर्जांच्या पोच होत्या. त्या जोडून कोर्टात अर्ज केला, साक्षीदार समन्स निघालं, आणि ते काट्याच्या संगणकातली नोंद आणि प्रमाणपत्र घेऊन आले. पहिली खेप ३१.४ क्विंटल, दुसरी ३०.६. बेरीज बासष्ट.

८. समोरच्याच्या ताब्यातलं कसं बाहेर काढायचं

आडत्याच्या संगणकात आवक नोंद असणार, हे आम्हाला माहीत होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ यासाठीच आहे. समोरच्यानं आपल्याकडं कोणकोणती कागदपत्रं आहेत ते शपथेवर सांगावं (नियम १२), ती हजर करावीत (नियम १४), असा अर्ज करता येतो. आदेश होऊनही त्यानं ऐकलं नाही, तर नियम २१ खाली प्रतिवादीचा बचावच काढून टाकता येतो, आणि वादीनं टाळलं तर त्याचा दावा. व्यापारी न्यायालयातल्या दाव्यांना आदेश ११ ची वेगळी, जास्त कडक तरतूद आहे आणि तिच्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेखांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मागणी नेमकी करा. 'सर्व संगणकीय माहिती द्यावी' असा अर्ज फेटाळला जातो. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची, अमुक खात्याची आवक नोंद आणि हिशोबपट्टी' असं मागितलं तर नाकारायला कारण उरत नाही.

आणि संतापाच्या भरात समोरच्याच्या फोनमध्ये, मेलमध्ये, दुकानाच्या संगणकात चोरून शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. आपण स्वतः ज्या संभाषणात होतो त्याचं रेकॉर्डिंग, ही गोष्ट वेगळी. नवरा-बायकोच्या वादात एकमेकांशी झालेल्या बोलण्याचं गुपचूप रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून बघता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. पण म्हणून घरात रेकॉर्डर लपवत बसा, असं मी कुणाला सांगणार नाही.

९. आवाज कागदावर उतरवताना भाषा धुऊ नका

आवाजाच्या फाइलसोबत तिचा लेखी उतारा द्यावा लागतो. मी तो शुद्ध मराठीत टाइप केला: "तुमचे बासष्ट क्विंटल जमा आहेत." कोर्टात नोट वाजली तर त्यात "जमा हाय तुमचं" होतं. उताऱ्यात फेरफार आहे, असा आक्षेप आला, आणि तो खोटा म्हणता येत नव्हता.

जसं बोललंय तसंच लिहा. 'देऊलालो की', 'करायलो', 'व्हतं', शिवी असली तर शिवीसुद्धा. मध्ये खोकला, मागून हमालांचा आवाज, ऐकू न आलेला शब्द, हे कंसात लिहा. ऐकू न आलेला शब्द अंदाजानं भरू नका. उतारा कुणी, कधी, कोणत्या फाइलवरून केला हे खाली लिहून सही करा.

'हा आवाज माझा नाही, एआयनं बनवलाय' हा बचाव आता सर्रास येतो. त्याला घाबरू नका. त्या आवाजाला ओळखणारा साक्षीदार, त्याच दिवशीची काट्याची पावती, त्यानंतर झालेले कॉल, अशा आजूबाजूच्या गोष्टींनी तो तोलून धरायचा असतो. गरज पडली तर शास्त्रीय तपासणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०अ मध्ये आहे. फौजदारी प्रकरणात आवाजाचा नमुना द्यायला दंडाधिकारी सांगू शकतात.

१०. प्रकरण पोलिसांत असेल तर

ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन, बाकी सगळं नंतर. पहिल्या काही तासांत पैसे थांबवले जाण्याची शक्यता असते.

पोलिसांनी तुमचा फोन जप्त केला तर पंचनाम्यात आयएमईआय, सिम, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, आणि सील केल्याचं लिहिलंय का, ते सही करायच्या आधी वाचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं. कलम १९३ नुसार, उपकरण कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं तो क्रम दोषारोपपत्रासोबतच्या अहवालात यावा लागतो. फोन तपासणीसाठी प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडं जातो आणि अहवालाला वेळ लागतो. फोन देण्याआधी बँकेचं ॲप, गॅसचं, पोरांच्या शाळेचं सगळं दुसरीकडं सुरू करण्याची सोय बघा.

११. साक्षीच्या दिवशी

मूळ फोन पूर्ण चार्ज करून, चार्जरसकट न्या. आमच्या कोर्टात आवाज ऐकवायला स्पीकर नव्हता. आदल्या तारखेला लिपिकाला विचारलं म्हणून कळलं, आणि मी छोटा स्पीकर आणि लॅपटॉप घेऊन गेलो. लॅपटॉपला सीडी लावायची सोय आहे का, तेही घरीच बघा. दस्त यादीतला अनुक्रमांक, सीडीवरची फाइल आणि उताऱ्याचं पान, यांची जुळणी एका कागदावर करून वकिलांच्या हातात द्या.

ज्याचा फोन आहे त्याला आधी नीट तयार करा. शिकवून पाठ करून घेऊ नका, खरं काय झालं ते आठवू द्या. अण्णा अडुसष्ट वर्षांचे, त्यांना आयएमईआय वाचता येत नाही. उलटतपासात विचारलं, "या प्रमाणपत्रातले आकडे तुम्हाला समजतात का?" अण्णा म्हणाले, "आकडे पोरानं माझ्यासमोर फोनवर दाबून काढले आणि मला एक-एक वाचून दाखवले. फोन माझा हाय, मेसेज मला आला, तो ह्यानंच पाठवला." न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं नोंदवून घेतलं. मग नोट वाजली. अकरा सेकंद कोर्टात कुणी बोललं नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला आणि आडत्यानं मुदतीत जिल्हा न्यायालयात अपील केलंय. तेव्हा शेवटची सूचना: निकाल लागला म्हणून मूळ उपकरण मोडीत काढू नका. अण्णांचा फुटक्या काचेचा फोन आमच्या कपाटात कापडी पिशवीत आहे. बॅटरी पार उतरून फुगू नये म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी तो अर्धा चार्ज करतो, इंटरनेट बंद ठेवूनच, आणि वहीत तारीख लिहून ठेवतो.